शंभर ताटांपुढे गावरान उरत नाही

पुण्याहून मुळशी, भोर, वाईकडे किंवा मुंबईहून कर्जत, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत एक नव्या धाटणीचं हॉटेल उभं राहिलं आहे. त्याला ढाबा म्हणता येत नाही, खानावळ तर नाहीच नाही. कौलारू छप्पर, सारवलेलं अंगण, दारात कधीच न जुंपलेली बैलगाडी, आत पितळेची ताटं आणि भिंतीवर टांगलेली सुपं. बाहेरच्या पाटीचा मजकूर ठरलेला : चुलीवरचं गावरान जेवण. बसायला प्रसन्न वाटतं, हवा चांगली असते, आणि शहरातल्या माणसानं रविवारी येऊन गावात चार पैसे खर्च करावेत यात वावगं काहीच नाही. प्रश्न एवढाच, की रविवारी तीनशे ताटं वाढणाऱ्या जागेत त्या पाटीवरचे शब्द खरे राहू शकतात का? राहू शकत नाहीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. यात मालकाची दानत क्वचितच आडवी येते. आडवी येते ती साधी बेरीज-वजाबाकी.

कोंबडीपासून सुरुवात करू, कारण पाटीवरचा 'गावरान' हा शब्द बहुतेकांना तिच्याचसाठी खेचून आणतो. परसात चरणारी देशी कोंबडी सव्वा ते दीड किलोची व्हायला सात-आठ महिने घेते. साफ केल्यावर हाडासकट ८५० ते ९५० ग्रॅम माल मिळतो. माणशी २०० ते २२५ ग्रॅम धरलं तर एका कोंबडीत चार ताटं होतात. तीनशे ताटांपैकी दोनशे सामिष असली तर एका रविवारी ५० कोंबड्या लागतात. शनिवारचं गिऱ्हाईक थोडं कमी असतं, म्हणून दोन दिवसांच्या ८० धरा. श्रावण, नवरात्र आणि सणवार वगळून वर्षाचे ४५ शनिवार-रविवार उरले, तरी आकडा ३६०० वर जातो.

आता गावाची बाजू पाहा. देशी कोंबडी वर्षाला ५० ते ६० अंडी देते आणि मध्येच खुडूक बसते. पिलं निघतात त्यातली काही मुंगूस नेतं, काही घार-ससाणा उचलतो आणि उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली तर खुराडं रिकामं होतं. आठ-दहा कोंबड्या असलेलं घर सगळं जमून आलं तर वर्षाला २५ पक्षी विकू शकतं. म्हणजे एका हॉटेलाला अशी १४४ घरं लागतील. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात दर दुसऱ्या घरानं फक्त त्या एका हॉटेलासाठी कोंबड्या पाळायच्या, आणि त्याच रस्त्यावर तशीच आणखी पाच हॉटेलं असतात.

मग प्रत्यक्षात ताटात काय येतं? बहुतेक वेळा वनराज, गिरिराज, कावेरी अशा सुधारित जातींचा पक्षी, शेडमध्ये अडीच-तीन महिन्यांत तयार झालेला. हा पक्षी वाईट नाही. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, त्याच्यापेक्षा याचं मांस घट्ट आणि रस्साही बरा. बचत गटांच्या बायकांना या जातींनी चांगला हात दिला आहे. पण तो परसातला पक्षी नव्हे, आणि त्याच्या नावावर परसातल्या पक्ष्याचा भाव लावणं ही फसवणूक आहे. ओळखायची खूण सोपी आहे. मोठ्या वयाची देशी कोंबडी शिजायला तास-सव्वा तास लागतो, हाड टणक असतं, कातडी जाड आणि चरबी पिवळी. सांगितल्यापासून वीस मिनिटांत 'गावरान रस्सा' समोर आला, तर एकतर तो सकाळपासून शिजवून ठेवलेला आहे किंवा पक्षी कोवळा आहे. शिजवून ठेवण्यात गैर नाही, फक्त पातेलं साठ अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे. गैर घडतं ते दुपारचं उरलेलं कोमट पातेलं संध्याकाळी पुन्हा उकळताना. पांढरा रस्सा तर दुसऱ्या उकळीला फुटतोच, कारण नारळाचं दूध खळखळ उकळी सोसत नाही. मग तो सावरायला काजूची पेस्ट येते आणि कोल्हापूरची चव जाऊन लग्नाच्या बुफेची चव येते.

भाकरीचा हिशेब याहून कडक आहे, कारण कोंबडी आदल्या दिवशी आणून ठेवता येते, भाकरी ठेवता येत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकट अंश नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात मळून लगेच थापावं लागतं. पीठ आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं झालं की त्याची विरी जाते, कडा चिरतात आणि भाकरी परातीतून उचलताना तुटते. मग स्वयंपाकघर काय करतं, तर मळताना मूठभर गव्हाचं पीठ टाकतं. भाकरी फाटत नाही, पण ती ज्वारीचीही राहत नाही आणि गहू वर्ज्य असलेल्या माणसाला ते कळतही नाही. उपाय असा, की दर तिसऱ्या दिवशी लागेल तेवढंच दळून आणायचं. शंभर ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर शंभर ताटांना, दोन भाकऱ्यांच्या हिशेबानं, वीस किलो पीठ लागतं. गावातल्या गिरणीला हे ओझं नाही.

ओझं हातांवर पडतं. सरावलेली बाई एका चुलीवर तासाला पंचवीस ते तीस भाकऱ्या काढते. त्यापेक्षा जास्त काढायला लागली की भाकरी जाड होते, मध्ये कच्ची राहते आणि पापुद्रा सुटत नाही. भाकरी ताटात पडल्यापासून दहा मिनिटांत खावी, पुढे ती कडक होत जाते. डब्यात झाकून ठेवली तर वाफ धरून चिवट होते. म्हणजे पन्नास माणसं एका वेळी बसली तर सव्वा तासात शंभर भाकऱ्या गरम पुरवायला तीन चुली आणि तीन बायका हव्यात. तीनशे ताटांच्या दुपारी सहाशे भाकऱ्या लागतात, त्यासाठी सात-आठ चुली. एवढ्या कुणीच मांडत नाही. दर्शनी भागात एक चूल, नऊवारीतल्या एक आजी, पाहुण्यांच्या फोटोंसाठी. मागच्या शेडमध्ये गॅसची मोठी भट्टी, साच्यात दाबलेल्या भाकऱ्या आणि प्लॅस्टिकचे हॉटपॉट.

चुलीचं कौतुकही जरा ताळ्यावर आणायला हवं. झाकण घातलेल्या पातेल्यातला रस्सा लाकडावर शिजला काय आणि गॅसवर शिजला काय, मंद आच मिळाली तर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो विस्तवाशी थेट गाठ पडणाऱ्या गोष्टींत : निखाऱ्याला लावून फुगवलेली भाकरी, निखाऱ्यात भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं, आणि वांग्याचं भरीत. खानदेशात भरिताचं वांगं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, ते गॅसवर भाजलं तर नुसती शिजलेली वांग्याची भाजी होते. तेव्हा लाकूड या तीन कामांपुरतं ठेवावं आणि रस्सा-भात गॅसवर करून तसं पाटीवर लिहावं. लाकूड वाचेल, धूरही कमी होईल. पत्र्याच्या बंद शेडमध्ये पाच तास चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत किती धूर जातो, हे बाहेर तक्क्याला टेकून 'अहाहा' म्हणणाऱ्याला दिसत नाही. चुलीवर धुराडं आणि समोरासमोर दोन उघड्या बाजू एवढं नसेल, तर त्या हॉटेलानं चुलीचं नाव घेऊ नये.

देखणेपणाबद्दलही बोलायला हवं, कारण सगळा पैसा तिथेच जातो. तांब्याच्या पेल्यातून ताक देणं हा या हॉटेलांचा आवडता थाट. ताक, सोलकढी, चिंचेची आमटी, लिंबू यांतलं आंबट तांब्या-पितळेला लागलं की धातू सुटतो, चव कळकते आणि मळमळ, उलटीपर्यंत वेळ जाऊ शकते. आपल्या आज्या हे जाणून होत्या, म्हणून पितळेला आतून कथलाची कल्हई असायची. रोजच्या वापरात, राख-साबणानं घासून, ती काही महिन्यांत झिजते. आज कल्हईवाला शोधावा लागतो आणि शंभर ताटं कल्हई करून घेणं मालकाच्या हिशेबात बसत नाही. मग सरळ मार्ग हा, की ताट पितळेचं असू दे, पण आंबट पदार्थ स्टीलच्या वाटीत आणि ताक मातीच्या किंवा काचेच्या पेल्यात. मातीचं भांडंसुद्धा दिसतं तितकं भोळं नसतं. झिलई नसलेली आतली बाजू तेल पिऊन घेते, साबण लावला तर साबणही पिते. रश्शाचं मडकं आठवडाभर तेच वापरलं तर त्याला खवट वास येणारच.

आणि ताट वाढणं! मराठी ताटाला जागा ठरलेल्या आहेत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधोमध भाताची मूद, वर वरण आणि तूप. यात शहाणपण आहे. डावी बाजू चवीपुरती, थोडी थोडी वाढायची. उजवी बाजू पोटाची, मागेल तेवढी. त्याऐवजी नऊ वाट्या कडेनं गोल लावून मध्ये पापड ठेवला की ते कुठल्याही महामार्गावरचं थाळी-हॉटेल होतं. आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालं, आणि ते ज्या मुळशीच्या नावाशी जोडलेलं आहे, त्याच मुळशीत पाहुण्याला बासमतीचा जिरा राइस वाढला जातो. आंबेमोहोर महाग आणि कमी पिकणारा, हे मान्य. पण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी शेजारच्या खाचरात असतो, त्याला काय झालं? भाकरीसाठी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणवावी, तिलाही मानांकन आहे. सोबत भोवतालची पालेभाजी आणि एक उसळ. हे एवढं असेल तर 'गाव' हा शब्द शोभतो.

यासाठी करायचं काय, तर मेनू कार्ड काढून टाकावं आणि पंगत परत आणावी. पंगत म्हणजे थोड्या माणसांच्या बळावर सगळ्यांना एकाच वेळी गरम वाढायची आपली जुनी युक्ती. पन्नास पाट किंवा पन्नास खुर्च्या, दुपारी सव्वाबाराची एक पंगत आणि दोनची दुसरी. मिळून शंभर ताटं. एक सामिष ताट, एक निरामिष, दुसरं काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत किती माणसं, त्यातली सामिष किती, हे फोनवर सांगायचं आणि निम्मे पैसे आगाऊ भरायचे. न आल्यास ते परत मिळणार नाहीत, कारण कापलेली कोंबडी पुन्हा खुराड्यात जात नाही. शंभर ताटांत साठ-पासष्ट सामिष धरली तर दिवसाला पंधरा ते सतरा कोंबड्या लागतात, वर्षाला जास्तीत जास्त पंधराशेच्या आसपास. साठ घरं हे पुरवू शकतात, आणि साठ घरांशी नावानिशी बोलता येतं. हॉटेलानं त्यांना पिलांच्या पहिल्या आठवड्यात मानमोडीवरच्या लासोटा लशीचे थेंब आणून दिले, तर मरतुक कमी होऊन पुरवठा आपसूक वाढतो. श्रावणात सामिष ताट बंद ठेवावं. गिऱ्हाईक तसंही कमी असतं आणि पिलांना वाढायला सवड मिळते.

यावर मालकांचा पहिला आक्षेप कर्जाचा असतो. शंभर ताटांत हप्ता कसा फिटणार? ताट ४५० रुपयांचं धरा. दिवसाला ४५ हजार, शनिवार-रविवारचे ९० हजार, महिन्याला साडेतीन लाखांच्या वर. निम्म्याहून जास्त कच्चा माल आणि मजुरीत जाईल, जायलाही हवं. उरलेल्यात पंधरा-वीस लाखांच्या बांधकामाचा हप्ता बसतो. दोन कोटींचा बसत नाही. पोहण्याचा तलाव, रेन डान्स, काचेची दालनं आधी बांधायची आणि मग ती फेडायला तीनशे ताटं वाढायची, हा क्रमच उलटा आहे. फेब्रुवारीनंतर ज्या गावाला टँकर येतो तिथे तलाव भरणारं हॉटेल ग्रामपंचायतीनं मुळात मंजूरच का करावं, हा वेगळा लेख होईल.

मजुरीबद्दल मात्र इथेच सांगायला हवं. या धंद्यात सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे भाकरी थापणारा हात, आणि त्यालाच सर्वांत कमी मोल मिळतं, कारण ते बाईचं घरचं काम समजलं जातं. खुरपणीच्या रोजावर भाकरी थापून घेऊ नये. दर भाकरीमागे पाच रुपये ठरवले तर सत्तर भाकऱ्यांचे अडीच तासांत साडेतीनशे होतात, तेही ताटाच्या किमतीत दहा रुपयांची भर घालून. एवढं केलं तर तिच्या सुनेलाही ती कला शिकावीशी वाटेल. नाहीतर आणखी काही वर्षांनी साच्याशिवाय भाकरी करणारं कुणी सापडणार नाही.

दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा असतो, आणि तो खोटा नाही. गाडीभर कुटुंबात एका मुलाला नूडल्स हव्या असतात, एका काकांना पनीर, आणि 'तुमच्याकडे एवढंही नाही?' असं म्हणून सगळे उठून शेजारच्या हॉटेलात जातात. पण चाळीस पदार्थांच्या कार्डामागे काय असतं ते पाहा. फ्रीजरमध्ये महिन्याचं पनीर, तीन प्रकारच्या तयार ग्रेव्ह्या आणि सगळ्यांवर तोच मसाला. ते खायला घाट उतरून यायची गरज नाही, आणि अचानक भूक लागलेल्या वाटसरूसाठी ढाबा आहेच. ढाब्यानं गावरानचा आव आणलेला नसतो, म्हणून तो प्रामाणिक असतो. लहान मुलांसाठी मऊ भात, वरण, तूप आणि गुळाचा खडा ठेवला की बहुतेक तक्रारी मिटतात.

हे सगळं मालकांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, म्हणूनच हा सार्वजनिक प्रश्न आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्यामुळे शेतकऱ्याला नोंदणी मिळाली, हे चांगलंच झालं. पण ताटातला माल कुठून यावा, यावर ठाम बंधन हवं. इटलीत शेतावरच्या पाहुणचारासाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. शेती मुख्य आणि पाहुणचार दुय्यम राहिला पाहिजे, आणि वाढलेल्या अन्नात स्वतःच्या शेतातल्या व त्या भागातल्या मालाचा वाटा मोठा असला पाहिजे, असं तो सांगतो. नेमकं प्रमाण प्रत्येक प्रांत ठरवतो. फ्रान्सनं २०१४ मध्ये हॉटेलांसाठी 'इथेच बनवलेलं' असं चिन्ह कायद्यानं ठरवलं, कारण तिथेही तयार पाकिटं गरम करून वाढली जात होती. आपल्याकडे २०१८ च्या अन्न-जाहिरात नियमांनी 'ताजे', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' या शब्दांना अटी घातल्या आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. फक्त 'गावरान' आणि 'चुलीवरचं' हे आपले शब्द कुणी बांधलेले नाहीत. ते बांधणं अवघड नाही. परसातली देशी, शेडमधली सुधारित आणि ब्रॉयलर, अशी तीन नावं ठरवून पाटीवर त्यांतलं एक लिहिणं सक्तीचं करावं. चुलीवर काय केलं आणि गॅसवर काय, तेही लिहावं. रोजच्या फळ्यावर खडूनं कोंबडी कुठल्या गावची, ज्वारी कुठली, दूध कुणाच्या डेअरीचं, एवढ्या तीन ओळी पुरेत. सुधारित पक्षी लिहून विकला तर त्याचाही मान राहतो आणि त्याला त्याचा रास्त भाव मिळतो.

तोवर पाहुण्यानं फोनवर दोनच प्रश्न विचारावेत : आजची कोंबडी कुठली, आणि आधी सांगावं लागतं का? दुसऱ्या प्रश्नाला 'केव्हाही या, सगळं तयार असतं' असं उत्तर आलं, की पहिल्याचं उत्तर आपोआप कळतं.

आणि तीन वाजता न सांगता कुणी दारात आलंच, तर त्याला उपाशी परत पाठवू नये. कोंबडी संपलेली असते, पण परातीत पीठ आणि चुलीत विस्तव असतो. लसूण-मिरची तेलात परतून पाणी उकळायला ठेवायचं, वाटीभर बेसन गुठळी न होऊ देता भुरभुरत टाकायचं, झाकण ठेवून दहा मिनिटं रटरटू द्यायचं. तेवढ्यात चार भाकऱ्या होतात. पिठलं जागेवरच खायचं, कारण थांबलं की त्यावर साय धरते आणि ते घट्ट होतं. सोबत खलबत्त्यातला ठेचा, बुक्की मारून फोडलेला कांदा. दीडशे रुपये.